पंप बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २६ फुटी बोट, मागे १५० हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं, प्रत्येकाची टाकी वेगळी. पावसाळाभर बोट किनाऱ्यावर झाकून ठेवली होती, सप्टेंबरात पाण्यात उतरवली. गेटवेहून मांडव्याला निघालात की वीसेक मिनिटं सगळं ठीक. मग उजवं इंजिन ४२०० वरून २८०० आरपीएमवर येतं आणि मागोमाग डावंही ३४०० पर्यंत घसरतं. अलार्म वाजत नाही. दहा मिनिटं आयडलवर ठेवलं की पुन्हा उचलतं, पुन्हा पडतं. मेकॅनिकने दोन्ही इंजिनांचे इंधन-पंप बदला आणि इंजेक्टर साफ करा असं सांगितलंय. माझं स्पष्ट मत, अजून एक रुपयाही खर्च करू नका.

पहिली गोष्ट, डाव्या इंजिनात बहुधा काहीच बिघाड नाही. बोट प्लेनिंगवर असते तेव्हा ती पाण्यावरून सरकते, इंजिनांना ओढ कमी असते. उजव्याने जोर सोडला की बोट खाली बसते आणि पाणी कापत जायला लागते. डाव्याचा थ्रॉटल तोच राहतो, पण आता जवळजवळ सगळी बोट त्या एकट्याला ढकलायची असते, म्हणून त्याचे फेरे पडतात. खंडाळ्याचा घाट पाचव्या गिअरमध्ये चढवायला गेलं की गाडीचं जे होतं, तेच. अशा वेळी बरेच जण डाव्याचा थ्रॉटल आणखी पुढे रेटतात. तसं अजिबात करू नका, मागे घ्या. पुढे रेटणं हा चांगलं इंजिन खराब करायचा जलद मार्ग आहे.

याची खात्री स्वतः करून घ्या. एक इंजिन बंद करून वर उचला आणि अर्धा तास फक्त दुसऱ्यावर चालवा, मग उलट करा. लिव्हर दोन्ही वेळा एकाच जागी ठेवा, आरपीएम आणि जीपीएसवरचा वेग वहीत लिहा. वेग जाताना आणि येताना दोन्हीकडे मोजा, नाहीतर भरती-ओहोटीचा ओढा आकडे फसवतो. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेऊ नका. अर्ध्या थ्रॉटलला पेट्रोल कमी खेचलं जातं, त्यामुळे त्रास उशिरा दिसेल, तेवढा धीर धरा.

आता उजव्याकडे. ठरावीक वेळ चालून दमणं आणि विश्रांतीनंतर सावरणं, याची दोन मुख्य कारणं असतात: इंजिन तापतंय किंवा त्याला पेट्रोल पुरत नाही. तापलं तर इंजिन स्वतःच आरपीएम बांधून घेतं, पण त्यासोबत अलार्म यायला हवा. तुमचा बझर मुळात चालतो का ते बघा. बहुतेक इंजिनांत चावी फिरवली की तो एकदा वाजतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागची धार दोन्ही इंजिनांची शेजारी शेजारी बघा. मुंबई बंदराचं पाणी गाळाने भरलेलं, त्यात इंपेलरची, म्हणजे ते पाणी खेचणाऱ्या चाकाची, रबरी पाती लवकर झिजतात, आणि प्लास्टिकची पिशवी पाण्याच्या जाळीवर चिकटणं इथे रोजचंच. धार दोन्हीकडे सारखी आणि बझर ठीक असेल तर माझा संशय सरळ पेट्रोलवर जाईल.

तेही आधी टाकीच्या हवेच्या नळीवर, म्हणजे व्हेंटवर. हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः यात पैसे घालवले आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या बोटीला हुबेहूब हाच त्रास होता, तोही पावसाळ्यानंतरच. एका गॅरेजने पंप बदलला, मग इंजेक्टर उतरवले, दोन आठवडे गेले आणि त्रास तसाच. शेवटी एका जुन्या तांडेलाने बोटीच्या बाजूला असलेल्या व्हेंटमध्ये तार घातली, तर आतून सुकी माती पडली. कुंभारीण माशीने चार महिन्यांत आत घर बांधलं होतं. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला लागते. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि पंप तिच्याशी झगडत बसतो. वीस मिनिटांनी पंप हरतो. आयडलवर पेट्रोल कमी लागतं, तेवढ्यात कुठून तरी थोडी हवा आत शिरते आणि इंजिन बरं झाल्यासारखं वाटतं.

तपासणी फुकट आहे. इंजिन पडलं की न्यूट्रलला आणा, दोन्ही इंजिनं बंद करा, आसपास सिगारेट किंवा ठिणगी नको, आणि उजव्या टाकीचं झाकण लगेच उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला की निम्मं निदान झालं. झाकण लावा आणि दहा मिनिटं न थांबता लगेच निघा. इंजिन पूर्ण ताकदीने उचललं तर व्हेंट साफ करा, वर बारीक जाळी बसवा आणि मेकॅनिकला नमस्कार करा.

सुस्कारा आला नाही तर इंजिन पडत असतानाच पेट्रोलच्या नळीवरचा, हाताने दाबायचा रबरी बल्ब हातात घ्या. तो चपटा झाला असेल तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: अँटी-सायफन व्हॉल्व्ह (टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारी झडप), आतली नळी किंवा तिची जाळी. बल्ब गोल पण मऊ असेल आणि दाबत राहिलं की इंजिन सावरत असेल, तर कुठेतरी नळीतून हवा शिरतेय किंवा इंजिनावरचा कमी दाबाचा पंप थकलाय. पंपाचं नाव मी आत्ता घेतोय, तुमच्या मेकॅनिकने पहिल्याच दिवशी घेतलं.

पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटर फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आणि इथेनॉल आहे. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि मर्यादा ओलांडली की पाण्यासकट खाली बसतं, नेमकं जिथून नळी पेट्रोल उचलते तिथे. अर्धी रिकामी टाकी आणि मुंबईचा जुलै, म्हणजे आत दव धरायची शक्यता असते. असा थर एकदा बसला की कुठलंही औषध घालून तो परत मिसळत नाही, टाकी रिकामीच करावी लागते.

यातही काही सापडलं नाही तर दोन इंजिनं असल्याचा खरा फायदा घ्या: अदलाबदल. उजव्याला डाव्या टाकीवर आणि डाव्याला उजव्या टाकीवर घ्या. त्रास डावीकडे गेला तर दोष टाकीत किंवा तिच्या नळीत, उजवीकडेच राहिला तर इंजिनात. मग फिल्टर, मग कॉइल, मग प्लग. एका वेळी एकच वस्तू बदला आणि प्रत्येक वेळी पाण्यात, भाराखाली चालवून बघा. जागेवर पाइप लावून केलेली आयडलची चाचणी इथे काहीच सांगत नाही. पंखे (प्रोपेलर) मात्र अदलाबदल करू नका. जोडीतली इंजिनं सहसा उलट दिशांना फिरतात, पंखा चुकीच्या बाजूला लागला तर बोट मागे जायला बघेल. पंखा काढलात तर शाफ्टवर तंगूस गुंडाळलाय का एवढं नक्की बघा. तो गिअरकेसचं सील कापतो, आत पाणी शिरतं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं.

या सगळ्या चाचण्या भरतीच्या वेळी, जहाजांच्या चॅनेलबाहेर करा. ओहोटीत दोन्ही इंजिनं बंद पडली तर बोट समुद्राकडे वाहते आणि बंदराच्या तोंडाशी थळचा खडक आहे. नांगर दोरीसकट तयार ठेवा, व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा, कोस्ट गार्डचा १५५४ मोबाइलमध्ये असू द्या. सोबत एक माणूस हवाच.

झाकण उघडल्यावर काय झालं आणि डावं एकटं चालवताना किती आरपीएम धरलं, हे दोन्ही इथे लिहा. बाटलीचा फोटोही टाका.