मुलाचं स्टेटस आणि जर्मनीचा कायदा

प्रश्न : वकीलताई, मुलगा स्टुटगार्टला नोकरीला आहे. नवे साहेब फार कडक, म्हणून त्याने गमतीत हिटलरचा, दंडावर स्वस्तिकाची पट्टी असलेला फोटो स्टेटसला ठेवला. मित्राने लगेच काढायला लावला, ‘केस होईल’ म्हणाला. फोटोवर केस? आणि हाच मुलगा भाड्याच्या घरासाठी फोन करतो तेव्हा नाव ऐकून ‘घर गेलं’ सांगतात, त्याला कायदा नाही? शिवाय सौ. विचारते, दिवाळीला दारात स्वस्तिक काढावं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दादा, पुढच्या पार्सलात त्या मित्रासाठी भडंगाचं एक पाकीट जादा घाला. तिथली कोर्टं हिटलरची छबीही नाझी चिन्हातच धरतात, आणि पट्टीवरचं स्वस्तिक तर आहेच. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे नाझी चिन्हं जाहीर वापरली किंवा पसरवली तर दंड, नाहीतर ३ वर्षांपर्यंत कैद. शिकवणं, संशोधन, बातमी, कला यांना सूट आहे. साहेबाची टिंगल त्यात बसवताना वकिलाला घाम फुटेल. आणि शे-दोनशे लोक बघतात त्या स्टेटसला खासगी म्हणणं अवघडच.

कलम १३० आणखी कडक. एखाद्या वंशाच्या वा धर्माच्या लोकांविरुद्ध चिथावणी दिली तर ३ महिने ते ५ वर्षं. ज्यूंचा संहार झालाच नाही असं जाहीर म्हणणंही त्यातच येतं. शेजारच्या ऑस्ट्रियात तर असा कायदा १९४७ पासून आहे. डेव्हिड आयर्विंग या इंग्रज लेखकाला १९८९ मधल्या भाषणांबद्दल व्हिएन्नाच्या कोर्टाने २००६ साली ३ वर्षांची शिक्षा सुनावली.

आपल्याला हे अती वाटतं. मिरजेत माझ्या शाळेतही एका मास्तरांना सगळे हिटलरच म्हणत. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली झाले, मराठी बोलत गावात राहिले. ज्यूंचा द्वेष आपण जवळून पाहिलाच नाही, त्यामुळे ती पट्टी आपल्याला नाटकातल्या पोशाखासारखी वाटते. युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले, आणि ते तिथेच थांबलेलं नाही. ९ ऑक्टोबर २०१९ ला, ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी, जर्मनीतल्या हाले शहरात एक बंदूकधारी सिनेगॉगवर, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळावर, चालून गेला. दार टिकलं, आतले वाचले. त्याने रस्त्यावर एका बाईला ठार मारलं आणि मग गाठलं कबाबचं दुकान, कारण त्याचा राग परदेशातून आलेल्यांवरही होता. तिथे एका तरुणाचा जीव गेला. तुमचा मुलगाही जेवायला अशाच दुकानात जात असेल.

पूजेतलं स्वस्तिक गुन्हा नव्हे. २००७ साली हे चिन्ह युरोपभर बंद करायचा जर्मनीचा विचार होता, तो हिंदू संघटनांच्या विरोधानंतर मागे पडला. तरी सामायिक जिन्यात नको, देवघरात काढा. वहिनींना हे पटणार नाही, माहीत आहे.

आता घर. कायदा आहे, २००६ चा समान वागणुकीचा. वंशावरून घर नाकारलं तर भरपाई मागता येते. मात्र घरमालक त्याच आवारात राहत असेल तर सहसा नाही. फोनची तारीख, वेळ, बोलणं लिहून ठेवायला सांगा. त्याच घरासाठी जर्मन नावाच्या मित्राला फोन करायला लावा. त्याला ‘या बघायला’ म्हटलं तर तो पुरावा धरता येतो. बर्लिनला भेदभावविरोधी सरकारी कार्यालय आहे, तिथे सल्ला फुकट मिळतो. मागणीला मुदत २ महिन्यांची, म्हणून अंक हाती येण्याआधीच मी तुम्हाला पत्राने कळवलं आहे.