बागेला विश्रांती देतोस, घराला पण दे

बाळा,

तुझा मेसेज वाचला. दिवाळीत आईला आणि बहिणीला घेऊन चार दिवस कोकणात जायचं म्हणतोस, वाचून खरंच बरं वाटलं. पण तारीख चुकतेय तुझी. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, घेतलीस म्हणजे दिवाळीत बागेची कोवळी फूट आणि घड निघायचे दिवस, त्यात एखादी रात्र पाऊस झाला, सकाळी दव पडलं की डाऊनीचा रोग सरळ घडावर येतो, आणि तू तिकडं समुद्रावर बसून मोबाईलमध्ये हवामान बघत बसशील. जीव निफाडात ठेवून कोकणात जाण्यात काय आलंय सांग.

आपली सुट्टी शाळेच्या कॅलेंडरवर बसत नाही रे, ती छाटणीवर बसते. मार्चमध्ये माल निघाला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी बागेला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतो ना आपण, तेच दिवस तुमचे. कोकण तेव्हा कर. नाहीतर वणीचा सप्तशृंगी गड कर, रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत तिथं यात्रा असते, गर्दी नको असेल तर त्याच्या आधी जा. आईचे गुडघे दुखतात तर ट्रॉली आहे आता, २०१८ पासून.

आता आईचं सांगतो, हे नीट वाच. आमच्याकडं बैल होते तेव्हा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करायचो, हळद-तूप लावून बैलांचे खांदे चोळायचो, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू नाही, आम्हालाही काम नाही, आणि तुझी काकू पहाटे पाचपासून पुरण शिजवतेय, वाटतेय. एका वर्षी मिरवणुकीवरून आलो, तिनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, अख्खी पुरणपोळी बैलांच्या तोंडात दिली आणि आत गेली. मी पाणी प्यायला मागोमाग गेलो तर चुलीपाशी उभ्याउभ्या तव्यावर फाटलेली पोळी खात होती. लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती, आणि हे मला त्या दिवशी दिसलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

पुढच्या चैत्रात तिला गडावर नेलं. खाली हॉटेलात ताट समोर आलं तर स्वतःच्या हातानं कुणाला वाढायचं नाही म्हणून हात कुठं ठेवावेत तेच कळेना तिला, सारखी पदर सारखा करत होती. मग जेवली, सावकाश, दोनदा भात घेतला.

म्हणून सांगतो, डबा बांधू नका. डबा म्हटलं की आई रात्री तीनला उठून पुऱ्या लाटणार आणि गाडीत झोपणार. बाहेर खा, चार पैसे जाऊ दे.

चार दिवस जमतच नसतील तर थंडीत दोन फवारण्यांच्या मधली एक सकाळ काढ, नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथलं धरण, २०२० मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि आपल्या तालुक्यातली निम्मी माणसं तिथं कधी गेलेली नाहीत. सातच्या आत पोचा. बहिणीला दुर्बीण मागून आण कुणाची तरी, फ्लेमिंगो लांब बसतात.

दिवाळीत घरीच थांब. वसुबारसेला गाय-वासराची पूजा कर, आणि पाडव्याचा स्वयंपाक तू नि बहीण मिळून करा, आईला ओट्यापाशी येऊ देऊ नका.

राहिला दुधाचा प्रश्न, दोन गाई आहेत म्हणून दोन वेळच्या धारेसाठी आई घर सोडत नाही ते मला माहितीये. मार्चमध्ये तुम्ही जाल तेव्हा धार मी काढीन, डेअरीला पण घालून येईन, रात्रीची लाईट असली तर मोटार बघीन. फक्त ती शिंगं मोडलेली गाय नवीन माणसाला लाथ मारते, तर जायच्या आधी चार दिवस मला संध्याकाळी बोलाव, आईच्या शेजारी बसून सवय करून घेतो तिला माझी. आणि पेंडेचं पोतं कुठं ठेवलंय तेवढं दाखवून ठेव.

तुझा काका