नवीन सुपरवायझर झालोय, सिनियर ऑपरेटर लोकांशी कसं बोलायचं? कम्युनिकेशन स्किलचा क्लास लावू का?

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत ऑपरेटरचे सुपरवायझर झालात, टीममधले निम्मे लोक वयाने मोठे, कालपर्यंत सोबत डबा खायचे आणि आता सांगितलेलं काम टाळतात, वर मॅनेजर म्हणतो कम्युनिकेशन सुधारा, म्हणून इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावायचा विचार करताय. मी सातपूरला ट्रेनी म्हणून लागलो, मग अंबडला शिफ्ट इनचार्ज, आता प्रॉडक्शन बघतो, तर माझ्या डोक्याने उत्तर देतो.

क्लास लावायचाय तर खुशाल लावा, कस्टमरचं ऑडिट आलं की इंग्लिश उपयोगी पडतंच. पण तुमची अडचण इंग्लिशची नाहीये. शॉप फ्लोअरवर अर्धे लोक धुळे-जळगाव-मालेगावकडचे, आपापसात अहिराणी बोलणार, हेल्पर पोरं यूपी-बिहारची, त्यांच्याशी आपण तोडकंमोडकं हिंदी झाडतो, तिथे इंग्लिश कुणासमोर फाडायचंय. सुपरवायझरचं बोलणं चांगलं की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो, काही बिघडलं तर ते त्याला पहिल्यांदा कळतं की सगळ्यात शेवटी. बाकी भाषण, बॉडी लँग्वेज वगैरे नंतरचं.

एक किस्सा सांगतो. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. स्पिंडलचा, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याचा, आवाज ऐकून सांगायचे की बेअरिंग गेलंय की जायला आलंय, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एक नवीन इंजिनियर आला, हुशार पोरगा, पण एकदा रिजेक्शन निघालं, म्हणजे काही जॉब (मशीनवर बनणारे पार्ट) खराब निघाले, तेव्हा त्याने सगळ्या लाईनसमोर नानांना झापलं, "तुम्हाला गेज (माप तपासायचं साधन) लावता येत नाही का?" असं. नाना काहीच बोलले नाहीत, खाली मान घालून जॉब काढत राहिले. पुढे त्यांच्याच मशीनचा स्पिंडल आवाज करायला लागला, नानांना तो पहिल्या दिवसापासून ऐकू येत असणार, पण त्यांनी तोंड उघडलं नाही, रोज पानावर प्रॉडक्शन लिहून घरी. शेवटी ऐन डिस्पॅचच्या तोंडावर बेअरिंग जाम झालं, लाईन बंद. मॅनेजरने विचारलं, नाना तुम्हाला कळलं नाही का? तर नाना म्हणाले, "मला कुणी विचारलं?" आता यात नाना पण चुकलेच हो, पण तो इंजिनियर त्या दिवशी जे बोलला त्याचं बिल असं नंतर आलं आणि ते कंपनीने भरलं.

आणि हे फक्त आपल्या एमआयडीसीतच होतं असं समजू नका. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं रनवेवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाने परवानगी नसताना टेक-ऑफसाठी धाव घेतली आणि अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीचं विमान अजून रनवेवरच होतं. केएलएमच्या त्या धावत्या विमानात फ्लाइट इंजिनियरला शंका आली, त्याने विचारलं पण, ते विमान बाजूला झालं नाही का म्हणून. कॅप्टन म्हणजे कंपनीतला मोठा माणूस, नवीन पायलट तयार करणारा, तो ठामपणे म्हणाला झालंय, आणि विषय तिथेच संपला. असे अपघात बघूनच १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि पुढे विमान कंपन्यांनी क्रूला हेच शिकवायला घेतलं, की ज्युनियरने शंका स्पष्ट बोलायची आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यायची. आपल्याकडे बहुतेक वेळा माणसं मरत नाहीत, जॉब स्क्रॅप होतात, पण गप्प बसायचं कारण तेच.

तर करायचं काय. पहिलं म्हणजे मोठ्या माणसांना नाना, आप्पा, भाऊ जे कालपर्यंत म्हणत होतात तेच म्हणा, पद मिळालं म्हणून एकदम आडनावाने हाक मारायला लागलात की संपलात. डबा पण सोबतच खा, फक्त डब्यावर कुणाच्या इन्क्रिमेंटची नि कुणाच्या ओटीची (ओव्हरटाइमची) गोष्ट काढू नका. काम सांगताना "ते बघून घ्या" असं सांगू नका. लॉगबुकात मी कितीदा वाचलंय, "मशीन ४ बघून घेणे". अरे काय बघायचं? सेकंड शिफ्टवाला बिचारा मशीनकडे बघतो आणि सुरू करतो. त्याऐवजी लिहा, "मशीन ४, बोअर (भोकाचं माप) वरच्या लिमिटला चाललाय, इन्सर्ट (कापायचं पातं) बदललेला नाही, दर १० जॉबला गेज लावा, बाहेर गेला तर मशीन थांबवून मला फोन." आणि तोंडी सांगितलं असेल तर "समजलं का?" विचारू नका, त्याला सगळे मान डोलावतात. "आप्पा, मी घाईत बोललो, काय ठरलं ते एकदा तुम्ही सांगा बरं" असं म्हणा, म्हणजे त्यांचा अपमान होत नाही आणि घोळ असेल तर तिथेच कळतो. पायलट आणि कंट्रोल टॉवर पण हेच करतात, सूचना परत म्हणून दाखवतात.

चूक सांगायची असेल तर चार माणसांत नाही हे सगळेच सांगतात, पण मग लोक केबिनमध्ये बोलावतात, आणि केबिन काचेची! अख्खी लाईन बघत असते की आज कुणाचा नंबर. त्यापेक्षा चहाला जाता-जाता, पार्किंगपर्यंत सोबत चालत बोला. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर खराब जॉबचा फोटो टाकून खाली "हे कोणी केलं???" हा प्रकार तर अजिबात नको, तो फोटो रात्री त्या माणसाची बायको पण बघते.

उलट कुणी येऊन सांगितलं की माझ्याकडून खराब निघाला, तर पहिलं वाक्य "बरं झालं लगेच सांगितलं" हेच पाहिजे, मनात कितीही शिव्या येत असल्या तरी. किती निघाले, कधीपासून, हे त्यानंतर. का निघाले हे तर मटेरियल बाजूला काढून झाल्यावर. हा क्रम चुकला की पुढच्या वेळी खराब जॉब बिनच्या तळाला सापडतो.

नाही म्हणायची पण तयारी ठेवा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी, चैत्रात सप्तशृंगी गड, सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी हवी असते आणि ऐनवेळी एकाला दिली नि दुसऱ्याला नाही दिली की वर्षभर तोंड वाकडं. आधीच सगळ्यांसमोर सांगा, एका लाईनवरून एवढेच जण, मागच्या वर्षी गेले ते यंदा मागे. मग नाही म्हटलं तरी राग नियमावर निघतो, तुमच्यावर कमी निघतो.

वरच्यांशी बोलायचं तर तेच उलट्या दिशेने. मॅनेजरला डिस्पॅच हुकणार हे संध्याकाळी गाडी गेटवर उभी असताना सांगू नका, सकाळी सांगा, आणि सोबत "अमुक एवढे देऊ शकतो, बाकीचे उद्या फर्स्ट शिफ्टला" एवढं तरी घेऊन जा. आणि तो ऑपरेटरवर खवळला तर ऑपरेटरचं नाव सांगून सुटू नका, लाईन तुमची आहे. ही गोष्ट फ्लोअरवर तासाभरात पोचते, कशी पोचते देव जाणे, पण पोचते.

सुरुवात करायचीच तर शिफ्ट बदलतानाच्या वेळेपासून करा. जाणारा आणि येणारा ऑपरेटर दोघं मशीनपाशी उभे करा, तुम्ही मध्ये बोलू नका, फक्त शेवटी विचारा की कुठलं मशीन आज त्रास देणार वाटतंय. पहिले काही दिवस "काही नाही साहेब" हेच ऐकू येईल. तरी रोज विचारत राहा, आणि कुणी एकाने काही सांगितलं तर त्याच दिवशी मेंटेनन्सवाल्याला त्या मशीनवर घेऊन या, सांगणाऱ्याच्या डोळ्यादेखत.