सीडीएसच्या एसएसबीत रेकमेंड झाले, मेडिकल फिट आहे, पण कोरोनामुळे ओटीएची यादीच लागत नाही. घरी काय सांगू?

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: सीडीएस (२) २०२० मधून, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या यूपीएससी परीक्षेच्या त्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीतून, ओटीएसाठी (चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी) तू मार्चमध्ये एसएसबीत, म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीत, रेकमेंड (पात्र) झालीस, मेडिकलही फिट आलं, आणि आता जून २०२१ अर्धा सरला तरी अंतिम निवड यादीचा पत्ता नाही. आणखी किती लांबेल, तोवर नोकरी धरावी का, आणि घरचे रोज विचारतात त्यांना काय उत्तर द्यावं. वयाने माझ्याहून लहानच असशील असं धरून अगंतुगं करते.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. ती लपवून तुला सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही. तुझी यादी ज्यांच्यामुळे अडली आहे, त्यातली एक मी आहे. मीही याच परीक्षेची लेखी पास आहे. माझी एसएसबी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होती. दुसरी लाट आली, ती पुढे ढकलली गेली आणि नवी तारीख अजून आलेली नाही. या वेळी मुलींना जागा १७ आहेत. त्यातल्या एका जागेसाठी तू थांबलीयस, मीही थांबलेय.

यादी का अडते ते यावरून लक्षात येईल. ओटीएसाठी लेखीचे २०० गुण, इंग्रजीचे १०० आणि सामान्य ज्ञानाचे १००. एसएसबीचेही २००. एकूण ४०० पैकी जिला जास्त, ती वर. लेखी पास झालेल्या प्रत्येकीची एसएसबी झाल्याशिवाय ही बेरीज पुरी होत नाही. अर्ध्या मुली तपासून यादी लावली तर उरलेल्यांवर अन्याय होईल. तुझं काम झालं म्हणून तुला वाटतं आता फक्त कागद यायचा बाकी आहे. पण तिकडे अजून परीक्षा चालू आहे. कोर्स ऑक्टोबर २०२१ मध्ये चेन्नईला सुरू व्हायचा आहे, त्यामुळे यादीला त्याआधी लागावंच लागेल. याहून पक्की तारीख कुणी सांगत असेल, टेलिग्रामवर असो की क्लासमध्ये, तर विश्वास ठेवू नकोस. ‘दिल्लीत ओळख आहे, नाव वर घेतो’ असा कुणाचा फोन आला तर लगेच ठेवून दे. तुझे गुण एसएसबीच्या शेवटच्या दिवशी, कॉन्फरन्सलाच, लिहून झाले. आता त्यात कुणी काही करू शकत नाही.

मी याआधी एकदा ही वाट पाहिली आहे. ती कशी गेली ते सविस्तर सांगते, कारण त्यात मी एक मोठी चूक केली.

२ फेब्रुवारी २०२० ला सीडीएस (१) चा पेपर दिला. पंधरा दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन (निवृत्तीपर्यंतची सेवा) देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आमच्या घरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र तीनदा वाचलं गेलं. आणि मार्चमध्ये सगळं बंद. आम्ही सोलापूरचे. वडिलांचं शाळेच्या गणवेशांचं छोटं शिलाई युनिट आहे, सहा मशीनचं. मार्च ते जून हा आमचा वर्षाचा सीझन. त्या वर्षी शाळाच उघडल्या नाहीत. खाकी पँटी आणि निळे फ्रॉक छतापर्यंत रचलेले, आणि कारागीर गावी गेलेले. मग आम्ही घरच्या घरी मास्क शिवायला बसलो. माझ्याकडे नाड्या लावायचं काम होतं.

१३ जूनला डेहराडूनच्या आयएमएची (भारतीय सैन्य अकादमी) पासिंग आऊट परेड फोनवर लावून मी आणि वडील मशीनजवळच बसलो होतो. कॅडेट मास्क लावून चालत होते. पाहणीला तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल नरवणे, आपल्या पुण्याचे. आई-वडिलांना येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे खांद्यावरचे स्टार अकादमीतल्या अधिकाऱ्यांनी लावले. वडील इतकंच म्हणाले, “पोरांचं थांबवलं नाही बघ त्यांनी.” हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. तूही लक्षात ठेव. यादी उशिरा लागते, पण अकादमी बंद पडलेली नाही, कोर्स रद्द झालेला नाही.

माझी एसएसबी ऑक्टोबरात झाली, बंगळुरूला, क्युबन रोडवरच्या केंद्रात. उद्यान एक्स्प्रेस स्पेशल म्हणून धावत होती. दुपारी सोलापूरला चढले आणि सकाळी तिकडे उतरले. डबा निम्मा रिकामा. बॅगेत कोविडचं स्वघोषणापत्र, दोन डझन मास्क (आमचेच), सॅनिटायझर. पीपीडीटीच्या, म्हणजे चित्रावरून रचलेल्या गोष्टीवरच्या, चर्चेत मास्कमुळे कुणाचंच धड ऐकू येत नव्हतं. म्हणून मी सावकाश आणि थोडं मोठ्याने बोलले, बहुतेक त्यानेच तरले. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स संपली, सगळ्यांना एकत्र बसवलं आणि पास झालेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले क्रमांक) वाचले. आमच्या बॅचमधून तिघी. माझा नंबर तिसरा वाचला. बाकीच्या मुली बॅगा उचलून स्टेशनकडे निघाल्या. त्यातल्या एकीने जाताना मला स्वतःकडची लिमलेटची गोळी दिली. तिचं नाव मी विचारलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

मेडिकलमध्ये मला टीआर (तात्पुरतं अपात्र) मिळाला. कारण काय, तर कानातला मळ. अपीलला ४२ दिवस असतात. एरवी हे काम दहा मिनिटांचं, पण तेव्हा कानाच्या डॉक्टरांचे दवाखाने बंद नाहीतर कोविडच्या कामात. चौथ्या ठिकाणी एक डॉक्टर तयार झाले. पीपीई किट घालून, चष्म्यावर वाफ धरलेली, त्यांनी दोन्ही कान साफ करून दिले आणि फी घेतली नाही. याच ४२ दिवसांत ८ नोव्हेंबरला सीडीएस (२) चा पेपर होता, मुंबईचं केंद्र. फिट होईन की नाही याची धास्ती होती, त्यामुळे अभ्यास नेटाने केला आणि एसटीने जाऊन पेपर देऊन आले.

त्यानंतर अपीलमध्ये फिट झाले, आणि इथेच माझं चुकलं.

फिट झाल्यावर मला वाटलं, झालं आता. डिसेंबर आणि जानेवारी मी फोनवर काढले. सकाळी उठल्या उठल्या यूपीएससीची साइट, मग टेलिग्रामचा ग्रुप, मग पुन्हा साइट. ग्रुपवर कुणी म्हणायचं शुक्रवारी लागणार, कुणी म्हणायचं आयएमएची लागली की पंधरा दिवसांनी. पळणं सुटलं. ७ फेब्रुवारी २०२१ ला सीडीएस (१) चा पेपर होता. तो दिला खरा, पण पुस्तक उघडलं नव्हतं. त्यात लेखीतच बाहेर गेले. आणि ओटीएची जी यादी मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते, ती लागली तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं. जागा १६ होत्या, माझे गुण थोडक्यात कमी पडले. रेकमेंडेड, मेडिकल फिट, आणि मेरिट आऊट.

आज मी पुन्हा एसएसबीच्या तारखेची वाट पाहू शकतेय, ते फक्त नोव्हेंबरातल्या त्या पेपरमुळे, जो मी कान दुखत असताना दिला होता. तो दिला नसता तर आज माझ्या हातात काहीच नसतं. म्हणून तुला कळकळीने सांगते: तुझं नाव यादीत येईलही, यावंच, पण आलेलंच आहे असं धरून बसू नकोस. ऑगस्टमध्ये सीडीएस (२) २०२१ ची जाहिरात येईल, पेपर १४ नोव्हेंबरला आहे. फॉर्म भर. मुलींना फी नाही. अॅफकॅटचंही (हवाई दलाची परीक्षा) बघ, आणि एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षाच नसते. निवड झाली तर ते फॉर्म वाया गेल्याचं दुःख कुणालाच होणार नाही.

वयाचीही भीती वाटत असेल, मला वाटायची. जाहिरातीत जन्मतारखेच्या दोन मर्यादा छापलेल्या असतात. त्यात तू बसत असशील तर यादी कितीही लांबली तरी या कोर्ससाठी तुझं वय ओलांडत नाही. पुढच्या प्रत्येक परीक्षेला मात्र मर्यादा पुढे सरकते. त्यामुळे आपल्या हातात अजून किती वेळा आहेत ते मोजून एका कागदावर लिहून ठेव.

नोकरी धर. खरंच धर. घरी बसून वाट पाहणं माणसाला आतून पोखरतं, आणि या दिवसांत घरात येणारा पैसा कुणालाच नकोसा नाही. फक्त बॉण्डवाली किंवा तीन महिन्यांच्या नोटिसची घेऊ नकोस, कारण जॉइनिंग लेटर आलं की हातात दिवस थोडेच असतात. मी मार्चपासून एका खासगी शाळेला ऑनलाइन इंग्रजी शिकवते. पगार जेमतेम, पण सकाळी दहा ते एक फोनवर यादी शोधायला वेळ मिळत नाही. डिग्रीचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि सगळ्या मार्कशीट आत्ताच हातात घे. विद्यापीठाची कार्यालयं अजून निम्म्या माणसांवर चालू आहेत, आणि ऐन वेळी एका शिक्क्यासाठी अडलेल्या मुली मी पाहिल्यात. वजन आणि हिमोग्लोबिन महिन्यातून एकदा तपास. आणि पळत राहा. २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, एवढी तयारी ठेवून या, असं सैन्याच्याच सूचनांत लिहिलेलं असतं.

राहिलं घरचं. तुझ्या प्रश्नात तू ते शेवटी लिहिलंयस, पण जड तेच आहे हे मला कळतं. ‘रेकमेंड झाले’ या शब्दाचा अर्थ आपल्या माणसांना माहीत नसतो. माझ्या घरी पेढे वाटून झाले होते. मग रोज कुणीतरी विचारायचं, “काय गं, कधी जायचं?” आत्या तर एक स्थळच घेऊन आली. म्हणाली, “लग्न होऊ दे, नोकरी काय नंतरही करता येते.” तेव्हा वडिलांनी जाहिरातीची प्रिंट काढून तिला दाखवली. उमेदवार अविवाहित हवी असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. ट्रेनिंगमध्येही लग्न चालत नाही. तुझ्याकडेही असं काही चालू असेल तर तोच कागद पुढे कर, वाद घालत बसू नकोस. छापलेलं लोक मानतात.

आणि रोजच्या विचारण्यावर मी एक उपाय केला. कटिंगच्या टेबलामागे एक पुठ्ठा टांगला आणि त्यावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या: लेखी, पास. एसएसबी, पास. मेडिकल, फिट. यादी, बाकी, जागा १६, पूर्ण देशातून. गिऱ्हाईक असो की नातेवाईक, कुणी विचारलं की वडील मापाच्या टेपने त्या पुठ्ठ्याकडे बोट करायचे आणि कापड कापायला लागायचे. लोकांना एकदा कळलं की हे सोळाजणींचं काम आहे आणि पोरीच्या हातात आता काही नाही, मग ते उलट धीर द्यायला लागले. तूही तुझ्या घरच्यांना ‘होईल हो लवकरच’ असं सांगत राहू नकोस. टप्पे सांग, जागा सांग, आणि नाव न येण्याचीही शक्यता आहे हे आत्ताच सांगून टाक. माझ्या आईला मी ते सांगितलं नव्हतं. यादी लागली त्या रात्री ती जेवली नाही, आणि मला स्वतःपेक्षा तिचंच जास्त लागलं.

पुठ्ठा अजून तिथेच आहे. नोव्हेंबरच्या पेपरचा निकाल पाहिल्यावर आणि त्यानंतर पहिली यादी हुकल्यावर वडिलांनी तो उतरवला नाही. एसएसबी आणि मेडिकलसमोरचं पुसलं, आणि शेवटच्या ओळीतल्या १६ वर शिलाईच्या खडूने काट मारून १७ केलं.

मला नवी तारीख आली की याच उत्तरात ती लिहीन. त्यावरून तुला तुझी यादी किती लांब आहे याचा अंदाज येईल.