गरोदर बहिणीला नवरा मारतो, पण ती पोलिसात जायला तयार नाही. दवाखान्यात सांगून काही उपयोग होतो का?

हो, होतो. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. प्रसूती विभागातल्या बायकांशी बोलणं हे माझं रोजचं काम. तुमच्या मावसबहिणीला सातवा महिना आहे आणि सासू सोबत असल्याशिवाय तिला घराबाहेर पडू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. पण तपासणीला तर आणतात ना? माहेरी न पाठवणारी माणसंसुद्धा सोनोग्राफीची तारीख सहसा चुकवत नाहीत, बाळ त्यांनाही हवं असतं. म्हणून तिथंच बोलायचं.

सासू थेट तपासणीच्या खोलीपर्यंत येते, हे आम्हाला नवीन नाही. "पोट तपासायचंय, तुम्ही बाहेर बसा," म्हणून सिस्टर पडदा ओढते. तेवढ्यात बहिणीने एवढंच म्हणावं, "घरी मारहाण होते, मला एकटीला बोलायचंय." मग आम्ही तिला रक्ततपासणीच्या निमित्ताने आत घेतो आणि सासूला औषधाच्या रांगेत उभं करतो.

मी आधी विचारते ते आज घरी जायला भीती वाटते का, हे. पोटावर लाथ मारली का? गळा दाबला का? गळा दाबला असेल तर जिवाला धोका आहे असंच मी समजते. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून तिला देखरेखीसाठी म्हणून दाखल करून घेता येतं आणि पुढचं ठरवायला वेळ मिळतो. पोटाला मार लागल्यावर रक्त जात असेल, पोट कडक होऊन दुखत असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा. वार (बाळाला पोटात पोसणारी, नाळेला जोडलेली प्लासेंटा) वेळेआधी सुटली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

कुठे, केवढा वळ आहे, कोणी, कशाने मारलं, हे डॉक्टरांना केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहायला सांगा. उद्या कोर्टात ते कामाला येतं. माता-बाल संरक्षण कार्डावर मात्र यातलं काही नको, ते कार्ड घरात सगळे वाचतात. मारहाणीची जखम असेल तर डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करतात आणि पोलीस विचारायला येतात, हे तिला आधीच सांगून ठेवा. तक्रार द्यायची की नाही, ते तिने ठरवायचं.

पोलिसात न जाताही मार्ग आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (याच कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) न्यायालयात अर्ज करता येतो. मारहाण थांबवण्याचा, राहत्या घरातून न काढण्याचा, खर्चाचा आदेश त्यात मागता येतो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं, तरी तिथं राहण्याचा हक्क ती मागू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील देतं. घर सोडावंच लागलं तर सखी वन स्टॉप सेंटर या अत्याचारग्रस्त बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात काही दिवस राहता येतं. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरी मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं 'दिलासा' केंद्र आहे. महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने पंचवीसेक वर्षांपूर्वी ते सुरू केलं, आणि आता पालिकेच्या इतर काही रुग्णालयांतही अशी केंद्रं आहेत.

बाळंतपणानंतर सगळं निवळेल, असं तिला कोणी सांगत असेल तर त्या भरवशावर राहू नका. मुलगी झाली म्हणून जेवण तोडलेल्या आणि टाके ओले असताना नवऱ्याने जबरदस्ती केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. शक्य असेल तर सव्वा महिना तरी ती माहेरी राहील असं बघा. माहेरून परत जाताना काय करायचं, हे आमच्यासारख्या कोणाशी तरी आधीच बोलून ठेवा.

तुम्ही स्वतः काय करायचं? तिच्या मोबाईलवर यातलं काही लिहून पाठवू नका. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, लग्नाचा फोटो आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स तुमच्याकडे ठेवून घ्या. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. आणि पुढच्या तपासणीला काहीतरी कारण काढून तुम्हीही सोबत जा, म्हणजे सासूला बाहेर बोलण्यात गुंतवायला कोणीतरी असेल.