‘लग्न झालंय का?’ याला काय उत्तर द्यायचं

प्रश्न : वय ३४. सहा वर्षांपासून मैत्रिणीसोबत राहते, पुरुषाशी संबंध कधीच आला नाही. पंधरा दिवसांपासून अंगावरून पातळ पांढरट जातंय, वास येतो. डॉक्टरांनी ‘लग्न झालंय का?’ विचारलं. ‘नाही’ म्हटल्यावर न तपासता फंगसची गोळी लिहून दिली. फरक नाही, उलट आता मैत्रिणीलाही तेच सुरू झालं. आणि मला पॅप स्मिअरची (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीची) गरज आहे का? (मानेवाडा)

उत्तर : ओपीडीत ‘लग्न झालंय का’ म्हणजे ‘शरीरसंबंध येतात का’. ‘नाही’ म्हटलं की आतली तपासणी टळते, सोनोग्राफी पोटावरूनच होते आणि पॅपचा विषय निघतच नाही. म्हणून असं सांगा : ‘लग्न नाही, पण संबंध आहेत. जोडीदार बाई आहे, गर्भाची शक्यता नाही.’ नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी हॉस्पिटलांत टेबलाभोवती चार पेशंट उभे असतात. तिथे ‘संबंध आहेत’ एवढंच पुरे, उरलेलं पडद्याआड गेल्यावर.

पातळ, करडा-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास हे बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं लक्षण. योनीतल्या आम्लतेमुळे पीएच (आम्लतेचं माप) साधारण ४.५ च्या खाली राहतो. ती आम्लता राखणारे जंतू कमी झाले की दुसरे वाढतात. फंगसमध्ये स्राव दह्यासारखा घट्ट असतो आणि खाज जास्त. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून तुमची गोळी लागू पडली नसावी. खात्री स्राव तपासूनच होईल. बायका-बायकांच्या संबंधात स्राव बोटांवरून, खेळण्यांवरून (सेक्स टॉय) दुसरीकडे पोहोचतो. तेव्हा दोघींनी तपासून घ्या, कोर्स पुरा करा, तोवर संबंध टाळा. नखं कापलेली ठेवा. खेळणं एकीकडून दुसरीकडे जाताना त्यावरचा कंडोम बदला. आणि ते सुगंधी वॉश, डेटॉल, तुरटीचं पाणी आजच बंद! वास घालवायला म्हणून बायका आतून धुतात आणि उरलेसुरले चांगले जंतूही वाहून जातात.

पॅप? हो, लागते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही विषाणू त्वचेच्या स्पर्शाने, बोटांवरून, खेळण्यांवरूनही जातो. पुरुष लागत नाही. पॅप दर तीन वर्षांनी, किंवा तिशीनंतर एचपीव्ही टेस्ट दर पाच वर्षांनी. पाळी सुरू झाल्यापासून दहा ते वीस दिवसांच्या दरम्यान जा. आधीचे ४८ तास योनीत गोळी, क्रीम, बोट काही नको. स्राव असताना नमुना खराब येतो, त्यामुळे आधी उपचार, मग पॅप. आत काही घालायची सवय नसेल तर ‘लहान स्पेक्युलम (आत पाहण्यासाठी घालायचं साधन) वापरा’ म्हणून आधीच सांगा. दुखलं तर ‘थांबा’ म्हणायला लाजू नका. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर व्हीआयए करतात : ३ ते ५ टक्के अॅसेटिक अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात, किंवा मेडिकल, मेयोच्या स्त्रीरोग विभागात विचारा.

प्रश्न : मी २४ वर्षांची, बायसेक्शुअल. घरी कळलं. आई म्हणते, ‘मुलगाही आवडतो ना, मग तोच निवड.’ आता ‘बरं करायला’ सायकियाट्रिस्टकडे नेऊन राहिले. जबरदस्तीने भरती करतील का? (वर्धा रोड)

उत्तर : बरं करायला आजार हवा ना! जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बरं करायची’ अशी ‘थेरपी’ देणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवलं आहे.

भरतीची भीती असेल तर एक काम आजच करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. स्टॅम्प पेपर नको, फक्त तुमची सही. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्याची लेखी संमती हवी. मैत्रीण, मावसबहीण, ज्यांच्यावर भरवसा आहे ते नाव लिहा. कारण संमतीविना भरतीचा अर्ज हा प्रतिनिधीच करतो, आणि कागद नसेल तर कायदा नातेवाइकाकडे वळतो. म्हणजे तुमच्या बाबतीत आईकडे. एक प्रत त्या व्यक्तीजवळ, एक फोटो फोनबाहेर कुठेतरी. फोन काढून घेतात, हे गृहीत धरा. जीव घुसमटत असेल तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत, मराठीतूनही.

प्रश्न : फायब्रॉइडचं (गर्भाशयातल्या गाठीचं) ऑपरेशन आहे. माझी जोडीदार बाई आहे. सहीला नवरा किंवा भाऊच हवा म्हणतात. (धंतोली)

उत्तर : तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत असाल तर संमतीची सही तुमचीच. बाकी बहुतेक वेळा हॉस्पिटलची सवय असते. पण ऑपरेशनच्या सकाळी वाद घालू नका. दोन-तीन दिवस आधी जाऊन फाइलवर जोडीदाराचं नाव, फोन ‘आपत्कालीन संपर्क’ म्हणून लिहून घ्या, आणि ‘मी बेशुद्ध असताना निर्णयांबाबत हिला विचारा’ अशी सही केलेली चिठ्ठी जोडा, झेरॉक्स स्वतःजवळ. भाऊ येऊन वेगळं काही बोलला, तर दाखवायला कागद हवा.