वाचकांचे प्रश्न : जुना मॉड, नवा संगणक

प्रश्न : ‘हाफ-लाइफ’ या व्हिडिओ गेमवरचा ‘अफ्रेड ऑफ मॉन्स्टर्स’ हा भीतिदायक मॉड (मूळ गेममध्ये बदल करून चाहत्यांनी केलेला खेळ) २००७च्या ‘डायरेक्टर्स कट’ या सुधारित आवृत्तीत खेळून झाला. आता २००५ची मूळ आवृत्ती उतरवली, पण ती स्टीम या गेमच्या अ‍ॅपच्या यादीत दिसतच नाही. जुने सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) चालतील का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बहुतेक वेळा घोळ फोल्डरचा असतो. झिप उघडली की फोल्डरात फोल्डर तयार होतो. मॉडचा फोल्डर थेट ‘स्टीमअ‍ॅप्स’ – ‘कॉमन’ – ‘हाफ-लाइफ’मध्ये, ‘व्हाल्व्ह’ फोल्डरच्या शेजारी हवा, आणि तो उघडताच ‘लिबलिस्ट.गॅम’ ही फाइल समोर दिसली पाहिजे. मग स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. नुसती खिडकी मिटून भागत नाही.

यादीत आला, पण सुरू होताच कोसळतो? हाफ-लाइफच्या नोव्हेंबर २०२३मधल्या पंचविसाव्या वर्धापनदिन अपडेटनंतर काही जुने मॉड बिघडले. स्टीममध्ये हाफ-लाइफच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बीटाज’ उघडून ‘स्टीम_लेगसी’ निवडा. अपडेटपूर्वीची आवृत्ती उतरते.

डायरेक्टर्स कटचे सेव्ह विसरा. नकाशेच वेगळे आहेत. आणि एका आवृत्तीच्या फाइली दुसरीवर मुळीच ओतू नका, दोन्हींची वाट लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा एफ६ने वरचेवर क्विकसेव्ह करा, परतायला एफ७. फार काळोख वाटला तर गॅमा (चित्राचा उजळपणा) थोडा वाढवा. थोडाच, नाहीतर भीतीच उरणार नाही.